पान सतराच्या तळाची ओळ

बिझनेस कॉलेजच्या फाटकासमोर, रस्त्याच्या पलीकडच्या अंगाला, दहा बाय बाराच्या खोलीत पुठ्ठामास्तरांचं पुस्तकबांधणीचं दुकान होतं. मास्तर म्हणायचे सगळे, पण शिकवलं त्यांनी जन्मात कुणाला नाही. शेजारचा झेरॉक्सवाला म्हणायचा, "रस्त्याच्या त्या बाजूला सर, या बाजूला मास्तर. फरक एवढाच, की मास्तरांनी हात लावलेलं सुटं राहत नाही."

खोलीत शिरलं की आधी खळीचा आंबूस वास यायचा. मग डाव्या हाताला पुठ्ठ्यांची चळत, उजव्या हाताला कापडाचे तागे, आणि मधोमध ती, कटिंग मशीन. बिडाची, काळी, मोठ्या चाकाची. मास्तरांच्या लग्नाआधी आली होती आणि बाईसाहेबांना ते ठाऊक होतं. "थोरली आहे ती, मी धाकटी," असं मास्तरांची बायको येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायची आणि खाली मान घालून शिवणीचं काम चालू ठेवायची. पुस्तकं शिवायची ती, कापून पुठ्ठा चढवायचे मास्तर. तीस वर्षं असा संसार चालला होता.

मास्तरांचा एक नियम होता आणि तो त्यांच्या उस्तादाकडून आला होता. बांधणाऱ्यानं वाचायचं नाही. त्यामागची हकिगत अशी, की उस्तादाकडे एक कामगार होता, मोठा रसिक. खुनाची कादंबरी बांधायला आली तर हा बसला वाचत. वाचता वाचता त्यानं सातवं प्रकरण दोनदा घातलं आणि शेवटचं घातलंच नाही. पाचशे प्रती बाजारात गेल्या. पुढे महिनाभर माणसं दुकानात येऊन विचारत होती, "अहो, खून केला कुणी?" उस्ताद म्हणाला, "केला नाही अजून, आता करणार आहे," आणि त्या कामगाराला हाकलून दिलं. तेव्हापासून मास्तरांनी कानाला खडा लावला. पानांचे आकडे बघायचे, फर्म्याची खूण बघायची, बाकी मजकूर म्हणजे मुंग्या.

फर्मा म्हणजे काय, ते एवढ्यात सांगून टाकलेलं बरं. छापखान्यातून मोठा कागद छापून येतो. तो घड्या घालून दुमडला की सोळा पानं होतात. हा एक फर्मा. असे फर्मे एकावर एक ठेवून शिवले की पुस्तक. कुठला फर्मा कितवा हे कळावं म्हणून प्रत्येक फर्म्याच्या पहिल्या पानाच्या अगदी तळाला छापखानेवाले बारीक अक्षरात एक ओळ टाकत: कामाचं नाव, फर्म्याचा आकडा. म्हणजे पान एक, पान सतरा, पान तेहेतीस. ही ओळ वाचकासाठी नसते, बांधणाऱ्यासाठी असते. कडा कापताना ती उडून जाते. जायलाच हवी, राहिली तर काम गावठी दिसतं. मास्तरांनी तीस वर्षांत अशा किती ओळी उडवल्या असतील त्याला गणती नाही.

कॉलेजमुळे दुकान चालत होतं. शेवटच्या वर्षाची पोरं प्रोजेक्टची जाडजूड बाडं घेऊन यायची, काळा पुठ्ठा, सोनेरी अक्षरं, तीन प्रती. नोकरी लागली की त्यातलीच काही पोरं मिठाईचा पुडा घेऊन परत यायची. "मास्तर, तुमच्या पुठ्ठ्याला यश आहे हं!" मास्तर खूश. दाराच्या मागच्या बाजूला खडूनं एक रेघ मारायचे. अशा तेवीस रेघा झाल्या होत्या.

झेरॉक्सवाल्यानं एकदा विचारलं, "मास्तर, जे येत नाहीत त्यांच्या रेघा कुठे मारता?"

"येत नाहीत ते मोठ्या पगारावर लांब गेले असतील," मास्तर म्हणाले. "सगळ्यांनी मिठाई घेऊन येत बसायचं म्हटल्यावर कामं कोण करणार?"

झेरॉक्सवाला हसला. मास्तरही हसले.

मास्तरांना एकच मुलगी. लहानपणी सरळसोट, बारीक आणि उंच, म्हणून मास्तर तिला फुटपट्टी म्हणायचे. मोठी झाल्यावर त्यातली फूट गळली आणि पट्टी राहिली. पदवी झाली आणि पट्टी एका फरशांच्या दुकानात हिशेबाला लागली. पगार बावीस हजार. मालक म्हातारा, पोटी पोर नाही, आणि पोरीचं काम चोख. दोन वर्षांत तो सगळ्या मालाची खरेदी तिच्यावर सोपवून निवांत झाला. पट्टी घरी आली की फरशांबद्दल इतकं बोलायची, की आई म्हणायची, "अगं, जेवताना तरी ताटाकडे बघ, खालच्या फरशीकडे बघतेस ते." ती खूश होती. हे लक्षात ठेवायला हवं, कारण मास्तरांच्या ते पुढे फार लक्षात राहिलं.

त्या वर्षी कॉलेजचा वार्षिक अहवाल बांधायला आला. तीनशे प्रती, चकचकीत कागद, तीन फर्मे. दुसऱ्या फर्म्याची चळत मास्तरांच्या डोळ्यांसमोर चार दिवस होती आणि तिच्या तोंडाशी पान सतरा. त्या पानावर एक निळा चौकोन, आणि चौकोनात अंगठ्याएवढ्या अक्षरात छापलेलं: सरासरी मासिक पगार साठ हजार.

आता डोळे मिटून तर चळत उचलता येत नाही. तीनशे वेळा उचलली, तीनशे वेळा साठ हजार दिसले. तिसऱ्या दिवशी मास्तरांनी उस्तादाचा नियम मोडला आणि तो चौकोन नीट वाचला. पण अर्धवट मोडला, दुःख त्याचं आहे. त्याच पानाच्या तळाला बारीक अक्षरात एक ओळ होती. ती मास्तरांना दिसली. पान सतरा, पानाचा तळ, बारीक अक्षर. फर्म्याची खूण, दुसरं काय असणार? खरी खूण त्या छापखान्यानं नव्या पद्धतीनं घडीच्या पाठीवर टाकली होती. मास्तरांनी चळत मशीनखाली सरकवली, चाक फिरवलं, आणि तीनशे प्रतींतली ती ओळ कातरणात पडली. ओळ अशी होती: "ही सरासरी फक्त नोकरी लागलेल्या आणि पगार कळवलेल्या विद्यार्थ्यांची आहे, एकशे ऐंशीपैकी एकेचाळीस."

कडा मात्र लोणी कापल्यासारख्या सरळ आल्या होत्या. कॉलेजातून खास निरोप आला, काम सुरेख झालं म्हणून.

त्याच आठवड्यात मास्तरांनी घरात पट्टीला समोरच्या कॉलेजात घालायचा विषय काढला. पट्टी म्हणाली, "बाबा, मला नाही वाटत गरज. मालक पुढच्या वर्षी सत्तावीस देणार आहेत."

"सत्तावीस!" मास्तर म्हणाले. "इथे साठ देतायत आणि तू सत्तावीस घेऊन बसलीस? ये इकडे, हाताच्या कांकणाला आरसा कशाला, तुला डोळ्यांनीच दाखवतो."

आणि त्यांनी कामाच्या ओट्यावर पुठ्ठ्याच्या पट्ट्या मांडल्या. एक पट्टी म्हणजे दहा हजार. कर्ज नऊ लाख, म्हणजे नव्वद पट्ट्या. शिकेपर्यंतचं व्याज वीस पट्ट्या. एकशे दहांचा एक गठ्ठा झाला, हातभर उंच. तो बघून पट्टी दोन पावलं मागे सरकली. मग मास्तर दुसऱ्या बाजूला एकेक महिना मांडू लागले. साठातून बावीस वजा, म्हणजे महिन्याला पावणेचार पट्ट्या वरकड. मांडत गेले, मांडत गेले, आणि अडीच वर्षांच्या जरा आत दोन्ही गठ्ठे बरोबरीला आले.

"बघ! बँक आठ वर्षं देते. आपल्याला अडीच पुरेत. पुढचं सगळं तुझं."

बाईसाहेब सुईत दोरा ओवत होती. ती म्हणाली, "अहो, आणि तिसरा गठ्ठा?"

"तिसरा कसला?"

"दोन वर्षं ही शिकणार, तेव्हा फरशीवाल्याचा पगार बुडणार. तो कोण मांडणार? माझे वडील?"

पट्टी फिसकन हसली. मास्तरांनी नाक उडवलं, पण मांडला बिचाऱ्यांनी. आणखी त्रेपन्न पट्ट्या. तरी चार वर्षांच्या आत हिशेब जुळला. खरं सांगायचं तर त्या मांडणीत खोट नव्हती. बेरीज बरोबर, वजाबाकी बरोबर. फक्त ज्या साठावर सगळी इमारत उभी होती, त्याचा खरा अर्थ बारीक ओळीसकट कातरणाच्या पोत्यात गेला होता.

पट्टीनं तिन्ही गठ्ठ्यांवरून एकदा बोट फिरवलं. मग म्हणाली, "तुम्ही म्हणताय तर."

एवढंच. पुढे कितीतरी दिवस मास्तरांच्या कानात तेच तीन शब्द वाजत राहिले.

बँकेत कर्ज बघणाऱ्या बाई होत्या, शांत, चष्मा कपाळावर ठेवणाऱ्या. जामीन म्हणून मास्तरांनी सही केली, तारण म्हणून दुकानाची खोली लिहून दिली. बाईंनी विचारलं, "पगार किती धरलाय, काका?"

"साठ!"

"सरासरी म्हणजे सगळ्यांना मिळतो असं नसतं हं."

"सगळ्यांना कशाला हवाय?" मास्तर म्हणाले. "माझ्या एकटीला मिळाला की झालं."

बाई हसल्या आणि शिक्का मारला.

दोन वर्षं पट्टी रस्ता ओलांडून कॉलेजात जात होती. मास्तर दुकानातून बघायचे. पहिल्या वर्षी ती फाटकातून हात हलवायची. दुसऱ्या वर्षी हलवायची बंद झाली. अभ्यास वाढला असेल, असं मास्तरांनी मनाशी धरलं. तिचा प्रोजेक्ट त्यांनी स्वतः बांधला. काळ्या पुठ्ठ्यावर लेकीचं नाव सोनेरी अक्षरांत ठोकताना अक्षरं तिरकी गेली आणि पहिला पुठ्ठा वाया गेला. तीस वर्षांत असं कधी झालं नव्हतं. झेरॉक्सवाला म्हणाला, "मास्तर, उद्या तोंडी परीक्षा आहे का तुमची?"

मग कंपन्या आल्या आणि गेल्या. पट्टी चार मुलाखतींना गेली, चारही ठिकाणाहून "कळवतो" म्हणाले आणि कुणीच कळवलं नाही. पाचव्या महिन्यात तिला दूरच्या शहरात नोकरी लागली, फर्निचरच्या एका मोठ्या शोरूममध्ये, मॅनेजमेंट ट्रेनी म्हणून. मास्तरांनी विचारलं, "पगार?"

"साठ, बाबा," पट्टी म्हणाली.

मास्तरांनी दाराच्या मागे चोविसावी रेघ मारली. जरा लांब मारली.

तिचं खरं काय ते पुढे कळलं. साडेसोळा हजारांचा हप्ता होता, तिघींत मिळून घेतलेल्या खोलीचं तिच्या वाट्याचं भाडं सात हजार होतं. नाकापेक्षा मोती जड झाला होता. दीड वर्षं तिनं ओढलं. मग एक हप्ता चुकला, मग दुसरा, आणि बँकेतल्या बाईंचा फोन दुकानात आला. "काका, मुलीला जरा विचारा. जामीन तुम्ही आहात म्हणून आधी तुम्हाला सांगते."

मास्तरांनी मुलीला विचारलं नाही. घरी ताकास तूर लागू न देता कापडाच्या खरेदीसाठी ठेवलेले पैसे काढले आणि दोन्ही हप्ते भरले. असेल काही अडचण, साठ असले म्हणून काय, मोठं शहर आहे, असं स्वतःशी बोलत राहिले. पण खळ ढवळताना हात थांबायचा. बाईसाहेब विचारायची, "काय झालं?" "गाठी होतायत खळीत." "खळीत की डोक्यात?" मास्तर पुन्हा खळ ढवळू लागायचे.

आणि एक दिवस ते पान निघालं.

खळ लावताना खाली रद्दी कागद अंथरायचा असतो. छापखानेवाले नासाडी धरून शेकड्यामागे दहा-बारा कागद जास्तीचे देतात. उरले की ते फळीखाली पडून राहतात आणि अंथरायला होतात. त्या दिवशी मास्तरांनी फळीखालचा एक मोठा कागद ओढला, अंथरला, ब्रश खळीत बुडवला. निळा चौकोन दिसला. हा कागद घडीही न घातलेला, कापलेला तर नाहीच. चौकोनाखाली पांढरी जागा, आणि तिच्या तळाला ती ओळ, शाबूत.

मास्तरांनी सवयीनं फर्म्याचा आकडा शोधला. आकडा नव्हता. तेव्हा चष्मा पुसला आणि आयुष्यात पहिल्यांदा पानाच्या तळाची ओळ वाचली. एकशे ऐंशीपैकी एकेचाळीस. परत वाचली. ब्रशवरून खळ टपटप गळून चौकोनावर पडत होती.

बाईसाहेबांनी मान वर केली. "अहो, कागद फाटला का?"

"नाही," मास्तर म्हणाले. "अख्खा आहे."

मग सगळं तिला सांगितलं. तिनं ऐकून घेतलं, सुई पुठ्ठ्यात खोचून ठेवली. म्हणाली, "जा. तिला तोंडानं सांगून या. पत्रानं नको, फोननं नको."

सकाळच्या बसनं मास्तर निघाले, पान घडी करून खिशात. दुपारी शोरूमशी पोचले. काचेचं दार आपोआप उघडलं तेव्हा दचकून बाजूला झाले; वाटलं, कुणी बाहेर येतंय. आत नुसते सोफे. दिवे इतके, की सावली कुठे पडावी ते सावलीलाच कळत नसेल. आणि त्या सोफ्यांच्या मधे, करड्या गणवेशात, हात पुढे बांधून त्यांची पट्टी उभी होती. बारीक झाली होती.

तिनं बघितलं. क्षणभर तिचा चेहरा सहा वर्षांच्या पोरीसारखा झाला. मग मागे कुठेतरी नजर गेली आणि ती सरळ चालत आली. "या सर. काय बघताय? तीन माणसांचा की कोपऱ्याचा?"

"अगं, मी..."

"साहेब बघतायत," ती ओठ न हलवता पुटपुटली. "बसा. बसून बघा, सर."

मास्तर बसले. अर्धी वीत आत गेले. "फार मऊ आहे गं."

"चांगला फोम आहे, सर. पाच वर्षांची गॅरंटी."

"तू नाही बसत?"

"स्टाफनं बसायचं नसतं."

"दिवसभर?"

"कापड धुता येतं, सर," ती मोठ्यानं म्हणाली, आणि हळूच, "दहा तास. सवय झाली."

मास्तरांनी सोफ्याच्या हातावरून हात फिरवला. शिवण बघितली; आडवी गेली होती, पण ते बोलले नाहीत. म्हणाले, "पट्टे, पगार किती आहे तुझा?"

साहेब दोन सोफे ओलांडून जवळ आला होता. "अठ्ठावीस हजार, सर," ती हसून म्हणाली. "सगळं धरून."

"साठ म्हणाली होतीस."

"ती कॅटलॉगमधली किंमत, सर."

साहेब येऊन उभा राहिला. "काही मदत करू का, काका?"

मास्तर उठायला गेले तर उठवेना. फोम खरंच चांगला होता. पट्टीनं हात दिला. "मापं बघतायत, सर," ती साहेबाला म्हणाली. "खोली लहान आहे त्यांची."

"घरी विचारून कळवतो," मास्तर म्हणाले. त्यांना दुसरं काही सुचलं नाही.

चार वाजता तिची वीस मिनिटांची सुट्टी होती. शोरूमच्या मागे माल उतरवतात तिथे लोखंडी जिना होता. त्याच्या पायरीवर दोघं बसली. पट्टीनं आधी बूट काढले. टाचांना पट्ट्या लावल्या होत्या. आईनं दिलेला डबा तिनं उघडला आणि उभ्या उभ्या खायची सवय लागल्यासारखी भराभर खाऊ लागली.

मास्तरांनी पान उलगडून तिच्या मांडीवर ठेवलं. बोट तळाच्या ओळीवर ठेवलं. "ही मी कापली. तीनशे प्रतींतून, स्वतःच्या हातानं. मला वाटलं फर्म्याची खूण आहे. नसती कापली तर तुला मी पाठवली नसती. फरशीच्या दुकानात सुखानं होतीस तू."

पट्टीनं पान बघितलं, पण वाचलं नाही. घास गिळला. "मला माहीत आहे, बाबा."

"काय माहीत आहे?"

"ही ओळ. दुसऱ्या महिन्यात वाचली मी. कॉलेजच्या वेबसाइटवर अहवाल होता. त्यात ओळ होती. तुम्ही बांधलेला लायब्ररीत होता, त्यात नव्हती. दोन्ही शेजारी ठेवून बघितले."

मास्तरांना तोंडात मारल्यासारखं झालं. "मग परत का नाही आलीस? बोलली का नाहीस?"

"पहिल्या वर्षाची फी भरून झाली होती. आणि मला वाटलं, एकेचाळीसात मी असेन." ती जरा हसली. "सगळ्यांनाच वाटत होतं. एकशे ऐंशी जण आम्ही एकेचाळीस खुर्च्यांवर बसून होतो, बाबा. एकमेकांच्या मांडीवर."

"पण मला तरी सांगायचंस!"

"काय सांगू? कडा किती सरळ कापल्या म्हणून तुम्ही महिनाभर सगळ्यांना ते पुस्तक दाखवत होतात."

मास्तर कबुली द्यायला आले होते. पोरीनं चार वर्षांपूर्वीच माफ करून टाकलं होतं आणि माफीचं ओझं एकटीनं वाहिलं होतं. तिनं चार शिव्या दिल्या असत्या तर घरी जाताना बस हलकी वाटली असती.

"फरशीवाले काय म्हणतात?" मास्तरांनी विचारलं. "बघू का विचारून?"

"मी विचारलं. त्यांनी दुकान विकलं गेल्या साली. डोळे गेले त्यांचे." तिनं डबा बंद केला. "माझ्या जागेवर कुणी ठेवलंच नाही म्हणे त्यांनी. वाट बघत होते."

मग मास्तर म्हणाले, "मशीन विकायला काढतो मी."

"मशीनला हात लावायचा नाही."

"जुनी झाली आहे. तशीही..."

"बाबा, मशीन गेली तर मी इथे कशासाठी उभी आहे? सहा वर्षं राहिली आहेत फक्त. मी वर्षं मोजतच नाही, महिना मोजते. वचन द्या."

"नाही लावत हात," मास्तर म्हणाले. पट्टीनं बूट घातले. जाताना पान घडी करून स्वतःच्या खिशात ठेवलं, त्यांना परत दिलं नाही.

मशीन दीड महिन्यानं गेली. दुसऱ्या गावचा एक छापखानेवाला घेऊन गेला. उचलायला सहा माणसं लागली. सकाळी बाईसाहेबांनी तिला तेलाचा हात फिरवला, चाकाच्या आऱ्यांतली धूळ काढली. तिनं थट्टा केली नाही आणि झेरॉक्सवाल्यानंही केली नाही. तो दुकान अर्धं बंद करून उभा राहिला. गाडी वळणाआड गेल्यावर त्यानं विचारलं, "मास्तर, आता कापणार कशानं?"

"सायकल आहे," मास्तर म्हणाले. "गठ्ठे नेईन बाजारातल्या प्रेसवर. कापून देतात शेकड्यावर."

मशीनचे आणि साठवलेले मिळून साडेचार लाख त्यांनी बँकेत भरले. कर्ज बघणाऱ्या बाईंनी यावेळी चष्मा डोळ्यांवर घेतला आणि पावतीवरचा आकडा मास्तरांना दोनदा वाचून दाखवला. हप्ता साडेसोळावरून नऊवर आला. "मुलीला सांगितलंत का?" त्यांनी विचारलं.

"तिला बँकेचा मेसेज जाईलच ना?"

"जाईल."

"मग तोच सांगेल," मास्तर म्हणाले.

मेसेज गेला. पट्टीचा फोन आला नाही. रोज संध्याकाळी येणारा फोन, त्या संध्याकाळी नाही, दुसऱ्या नाही. मास्तरांनी लावला तर वाजत राहिला. अकरा दिवस असे गेले. मास्तर सकाळी दुकान उघडायचे, गठ्ठा सायकलला बांधायचे, प्रेसवर रांगेत उभे राहायचे. तिथली माणसं "मास्तर, बसा ना" म्हणायची, तर ते म्हणायचे, "नको, असू दे." दुकानात मधोमध चार बोल्टांची भोकं राहिली होती. तिथून जाताना ते अजून वळसा घालायचे.

बाराव्या दिवशी, दुपारी चारच्या सुमाराला बाईसाहेबांचा फोन वाजला. तिनं सुई ठेवली, ऐकलं. "जेवले," ती म्हणाली. मग, "हो, उघडतात रोज." मग बराच वेळ नुसतं, "हं. हं." मग मास्तरांच्या पुढे फोन धरला.

मास्तरांनी हात कपड्याला पुसून फोन कानाला लावला. "पट्टे."

पलीकडून माल उतरवणाऱ्या गाडीचा आवाज येत होता, लोखंडी जिन्यावरून कुणीतरी धाडधाड उतरत होतं. मास्तर ऐकत राहिले. विचारायचं फार होतं. रागावलीस का, टाचा बऱ्या झाल्या का, आता बसायला मिळतं का. फोन त्यांनी कानाशी आणखी घट्ट धरला.

"बाबा," ती शेवटी म्हणाली, "वीस मिनिटं झाली. जायला हवं."

"जा," मास्तर म्हणाले.

पण तिनं फोन ठेवला नाही. मास्तरांनीही ठेवला नाही. बाईसाहेबांनी उठून दार लोटून घेतलं, रस्त्याचा आवाज मधे येऊ नये म्हणून.